सोमवारचं पाणी

३ फेब्रुवारी

ताई,

'प्रिय' लिहिलेलं नाही ते मुद्दाम. माझ्या मागच्या पत्रांना तुझं उत्तर नाही, फोन तू उचलत नाहीस, तेव्हा प्रियबिय नंतर बघू. पत्रं तू फाडत नाहीस एवढं मात्र मला भावजींकडून कळलंय. कपाटात साड्यांखाली ठेवतेस म्हणे. ठेव. निदान वाचून ठेव.

बातमी अशी की तलाव उघडतोय. आपलाच, शाळेमागचा, पोहायचा. माझ्या जन्माआधीपासून कोरडाठाक पडलेला. गळती लागली म्हणून बंद केला असं आपण ऐकत आलो, आणि आत मोडकी बाकं नि फुटके माठ साठत गेले. नगरपालिकेने आता फरशी बदलली, निळा रंग मारला, फिल्टर बसवला. मार्चअखेर उद्घाटन आहे आणि तलावाला नाव कुणाचं देतायत? आईचं. "पोहायला शिकवणाऱ्या बाई" म्हणून. हे गावातल्या म्हाताऱ्या लोकांनीच मागितलं. त्यातल्या निम्म्यांना तिने पाण्यात ढकललेलं आहे.

आई ऐंशीला टेकली आहे ताई. तिला तू तिथे हवी आहेस. तोंडाने म्हणणार नाही, तिचा ताठा तुला ठाऊक आहे. पण परवा मला विचारत होती की मोठीच्या गावाहून गाडी किती वाजता येते. तुमच्यात काय बिनसलं ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. बाबा गेले तेव्हा तू आलीस आणि त्याच संध्याकाळी घरचं पाणीही न पिता परत गेलीस. तेव्हा मला तुझा फार राग आला होता. अजूनही आहे, थोडा शिळा झालाय एवढंच.

बाकी आई ठणठणीत आहे. नवीन कवळी बसवली आहे. दातांच्या डॉक्टरीणबाईंवर ती इतकी खूश आहे की येणाऱ्याजाणाऱ्याला तोंड उघडून दाखवते. "हात कसा हलका आहे बाईचा," हे दिवसातून एकदा तरी ऐकावं लागतं.

माझं सांगायचं तर शाळेत यंदा नवीन खूळ आहे. आदर आणि चारित्र्य यांना आता गुण आहेत. वरून पत्रक आलंय की समाजशास्त्राच्या तासाला हक्कांच्या चळवळींचा इतिहास शिकवावा आणि त्यातून मुलांमध्ये आदर रुजवावा. रुजवावा, म्हणजे जणू मेथीच. पण मला धडा आवडतो. दूरदूरच्या देशांतल्या गोष्टी आहेत: बसमधल्या मागच्या जागा, वेगळे नळ, वेगळी दारं, आणि ती दारं उघडायला लावणारी साधी माणसं. मुलं ऐकतात, हळहळतात, परीक्षेत लिहितात. त्यांना वाटतं हे सगळं कुठेतरी लांब, वाईट लोकांच्या गावात घडलं.

म्हणून मी साक्षीदाराचा तास काढलाय. गावातलं एक वडीलधारं माणूस वर्गात येणार, मुलं प्रश्न विचारणार. नियम दोनच. शिक्षिकेने मागच्या भिंतीशी उभं राहायचं आणि अवाक्षर काढायचं नाही. आणि साक्षीदाराबद्दल कुणाचं काही म्हणणं असेल, तर त्यालाही तसाच एक तास मिळणार, आणि तेव्हा पहिल्या साक्षीदाराने मागच्या बाकावर बसून ऐकायचं. ऐकणं हाच आदर, असं मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय. पहिली साक्षीदार अर्थात आपली आई. शिट्टी शोधून काढलीय तिने, जुनी, पितळेची.

ये गं. रुसवा जरा बाजूला ठेव.

धाकटी

११ फेब्रुवारी

ताई,

मी शिक्षकखोलीत बसून लिहितेय. घरी जायची हिंमत होत नाहीये. अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाच.

आज आईचा तास झाला.

सुरुवात इतकी छान झाली. पोरं खिदळत होती. आईने दारातूनच शिट्टी मारली आणि अख्खा वर्ग चिडीचूप. मग तरंगायचं कसं ते सांगितलं. "पोटात हवा ठेवायची, डोक्यात हवा नको," म्हणाली, आणि सगळे हसले. मी मागे भिंतीशी उभी होते आणि अभिमानाने फुगले होते, खोटं कशाला बोलू. प्रश्न मीच मुलांबरोबर बसून तयार केले होते. त्यातला चौथा एका मुलाने वाचला: आजी, तलाव सगळ्यांसाठी होता का?

आई म्हणाली, "हो तर. सगळ्यांसाठी होता. पुलापलीकडच्या लोकांसाठी सोमवारची संध्याकाळ होती."

एखाद्याला जेवायला बोलावल्याचं सांगावं, तशा आवाजात सांगितलं तिने. मला आधी काही कळलंच नाही. वर्गात एक पोरगा आहे, आम्ही त्याला वकीलसाहेब म्हणतो, कारण तो कुठलीच गोष्ट सोडत नाही. तो उठला. त्याने विचारलं, तेव्हा फिल्टर नव्हता, मग पाणी कधी बदलायचे? आई म्हणाली, सोमवारी रात्री सोडायचं, मंगळवारी सकाळी भरायचं. तो म्हणाला, म्हणजे आठवडाभर सगळे पोहून झाले की मग ते? मग त्यांच्यानंतर का बदलायचं, आधी का नाही?

आई हसली. आपली आई, ताई. प्रेमाने हसली त्याच्याकडे बघून.

"अरे राजा, मग परत बदलावं लागलं असतं ना."

एकदोघं हसली आणि गप्प झाली. तोंड उघडलं होतं मी, पण नियम माझाच, फळ्यावर माझ्याच अक्षरात. आई आपली खुशीत. तेवढ्यात खिडकीजवळची मुलगी उभी राहिली. हुशार आहे, फारशी बोलत नाही, पुलापलीकडून येते. तिचा प्रश्न आमच्या कागदावर नव्हता. तिने विचारलं की सोमवार सोडून कुणी आलं तर काय करायचे.

मग आईने सांगितलं. तुझी गोष्ट सांगितली, ताई. तू नऊ वर्षांची. गुरुवारची भर दुपार, तलावात सुट्टीची गर्दी. आणि तुझ्याबरोबर पाण्यात एक पुलापलीकडची मुलगी. आईने शिट्टी मारून सगळ्यांना वर काढलं. आणि मग, हे ती हाताने दाखवून सांगत होती, खाली वाकून बोळा काढला. सगळं पाणी सोडून दिलं. गुरुवारी. तळ उघडा पडल्यावर तिने तुम्हा दोघींच्या हातात ब्रश दिले आणि काठावर बसून शेवाळ घासून घेतलं, संध्याकाळपर्यंत, ओल्या कपड्यांत.

"माझ्या मुलीलाही सोडलं नाही," म्हणाली. "दोघींना सारखीच शिक्षा. मी भेदभाव कधी केला नाही."

आणि माझ्याकडे बघितलं तिने. बघ, तुझ्या धड्यात बसतं ना, अशा नजरेने.

खिडकीजवळची मुलगी खाली बसली. घंटा झाली. मुलांनी टाळ्या वाजवल्या ताई, कारण पाहुण्यांचं बोलणं संपलं की टाळ्या वाजवायच्या हे मीच त्यांना शिकवलंय. मी पण वाजवल्या. हात आपोआप उठले माझे.

तू कधी पोहत नाहीस, समुद्रावर गेलो तरी चप्पल काढत नाहीस, ते यामुळे? मला का नाही सांगितलंस? इतकी वर्षं मी तुलाच माणूसघाणी म्हणत आले.

उत्तर दे. एका ओळीचं दे.

धाकटी

१३ फेब्रुवारी

ताई,

परवाचं पत्र तुला मिळालंही नसेल, पण मला दुसरं कुणी नाही बोलायला. यांना सांगितलं तर म्हणतात, जुन्या काळची माणसं, सोडून दे. सोडून कुठे देऊ? ती माझ्याच घरात, माझ्याच समोर बसून पेपर वाचतेय.

मी तिला विचारलं. भांडायचं नाही असं ठरवून विचारलं आणि अर्थातच भांडले. तिला कळेना माझं काय दुखतंय. म्हणाली, नियम मी केले नव्हते, नगरपालिकेने केले होते. मी नोकरी केली. शिवाय मी त्यांनाही शिकवायचे सोमवारी, फुकट, आणि ते पाणी किती घाण असायचं तुला माहीत आहे का? मी म्हटलं, हेच तर. तर ती म्हणते, मग मी उतरायचे ना त्या पाण्यात. आणि खरंच गं, ती उतरायची. ती खोटं बोलत नाहीये, हेच मला सहन होत नाही. तिच्या मनात ती चांगली बाई आहे. मलाही ती चांगली बाईच वाटत होती परवा सकाळपर्यंत.

गळतीबिळती काही नव्हती. तेही सांगितलं तिने, मटार सोलता सोलता. त्या गुरुवारनंतर पुलापलीकडची माणसं रोज येऊन तलावाच्या काठावर बसायला लागली. काही बोलायची नाहीत, पाण्याला शिवायची नाहीत. नुसती रांगेने बसायची, बायका, म्हातारे, सगळे. कोर्टाने तलाव सर्वांना खुला करा म्हटलं, तेव्हा पालिकेने तो बंदच करून टाकला. आईची नोकरी गेली, मग ती शाळेत पी.टी.ला लागली. आपल्या गावात चळवळ झाली होती ताई, आणि मी मुलांना परदेशातल्या बस शिकवत होते. त्या कोरड्या खड्ड्याशेजारी उभी राहून.

खिडकीजवळची मुलगी दोन दिवस शाळेत आलेली नाही. हेडसर मला बोलावून म्हणाले, तो तास झालाच नाही असं समजू या, उद्घाटन तोंडावर आलंय. मी हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. माझं डोकंच चालत नाहीये.

धाकटी

२५ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड आलं. इतक्या वर्षांनी तुझं अक्षर बघितलं आणि त्यावर एकच ओळ: "त्या मुलीबद्दल आणखी काही कळलं का? ती माझ्याबद्दल काय म्हणाली ते आधी लिही."

मी तुला रडून रडून चार पानं लिहिली आणि तू मला हे विचारतेस? ती तुझ्याबद्दल काय म्हणणार? तुझ्यामुळेच ती पोहायला आली, तुझ्याबरोबरच तिने शिक्षा भोगली. मी तर वर्गात मुलांना सांगितलंसुद्धा की त्या गोष्टीत एक नऊ वर्षांची मुलगी शूर होती. माझी बहीण म्हणून नाही सांगितलं, पण मनात तेच होतं.

असो. विचारलंस म्हणून सांगते, तुझी मैत्रीण सापडली. किंवा तीच आली. खिडकीजवळची मुलगी काल परत आली आणि बरोबर तिची आजी. मी दारात बघतच राहिले. आईच्या दातांची डॉक्टरीण. दवाखाना पुलाअलीकडे बाजारात आहे, म्हणून ती कुठली हे आम्ही कधी विचारलंही नव्हतं. तीच ती मुलगी. भिंगरी म्हणायचात ना तुम्ही तिला? तिनेच सांगितलं, एका जागी बसत नसे म्हणून. आता मात्र फार शांत बाई आहे.

विचार कर ताई. आईच्या तोंडात हात घालून तिने माप घेतलं, हिरड्या बघितल्या, कवळी घासून घासून नीट बसवली, आणि चकार शब्द काढला नाही. मी विचारलं, तुम्ही ओळखलं नव्हतं का? म्हणाली, पहिल्याच दिवशी ओळखलं, आ करा म्हटल्यावर त्यांनी कुरकुर केली त्या आवाजावरून.

ती भांडायला आली नव्हती. तिने फक्त नियमाप्रमाणे आपला तास मागितला. हेडसरांच्या कपाळाला आठ्या. ते म्हणाले, उद्घाटनानंतर बघू. मी म्हटलं, सर, मग आदराचे गुण कुणाला आणि कसे द्यायचे ते तुम्हीच ठरवा, मी कोऱ्या गुणपत्रिका देते. माझा आवाज चढला होता. शेवटी तास मिळाला, सोमवारी. दवाखाना सोमवारी बंद असतो तिचा.

आईला मागच्या बाकावर बसावं लागणार. मी सांगितलं तेव्हा तिने कवळी काढून वाटीत ठेवली आणि खोलीत जाऊन झोपली. दुपारी चार वाजता.

धाकटी

४ मार्च

ताई,

तू काय विचारत होतीस ते आता कळलं.

आई आली होती. कवळी न लावता, गाल आत गेलेले, शिट्टी नाही. मागच्या बाकावर बसली, माझ्या शेजारी. तुझी भिंगरी पुढे खुर्चीवर. वकीलसाहेबांनी विचारलं की त्या दिवशी काय झालं ते तुमच्या तोंडून सांगा.

तिने तुझं नाव घेतलं नाही, "माझी मैत्रीण" म्हणत होती. मैत्रीण तिला म्हणायची की सोमवारचं पाणी हे पाणीच नाही, तू गुरुवारी ये, निळं असतं, तळ दिसतो. मैत्रिणीनेच तिला स्वतःचा दुसरा ड्रेस आणून दिला, लाल, पांढऱ्या पट्टीचा. दोघी कपडे बदलायच्या खोलीतून हात धरून बाहेर आल्या आणि पाण्यात उतरल्या. तिथपर्यंत मी ऐकत होते आणि मला तुझं कौतुक वाटत होतं.

मग म्हणाली, पाणी उतरत होतं, सगळे काठावर उभे होते, आणि बाईंनी विचारलं, हिला कुणी आणलं?

"माझ्या मैत्रिणीने त्यांच्याकडे बघितलं," ती म्हणाली, "आणि सांगितलं, मला माहीत नाही. ही आपली आपण आली. माझा ड्रेस चोरून."

मी मागे भिंत धरली.

बाकीचं तिने अगदी सपाट आवाजात सांगितलं. शिक्षा दोघींना झाली, पण तुला लक्ष ठेवलं नाही म्हणून आणि तिला चोर म्हणून. घरी गेल्यावर वडिलांनी मारलं. ते स्वतः दुसऱ्या दिवसापासून काठावर बसायला जात होते, चळवळीतले होते, आणि म्हणायचे, हक्काने जायचं होतं, चोरी करून का गेलीस? सगळी वस्ती काठावर बसली आणि तिला तेवढं येऊ दिलं नाही, कारण तिच्यामुळे मान खाली गेली होती. वडील गेले ते तिला चोर समजूनच गेले. ड्रेस दिलेला होता हे तिने कुणाला सांगितलं नाही. कोण विश्वास ठेवणार होतं, म्हणाली.

नात पुढच्या बाकावर रडत होती. आणि तुझ्या भिंगरीने माझ्या शेजारी बघितलं, आईकडे.

"बाई, मी चोर नव्हते."

मला वाटलं आई म्हणेल, मला काय माहीत. किंवा उठून जाईल. ती बाकाची कड धरून बसली होती. कवळी नसल्यामुळे तिचं बोलणं फुसफुस येत होतं, पण वर्ग इतका शांत होता की सगळ्यांना ऐकू गेलं.

"मला माहीत होतं," आई म्हणाली. "सकाळी माझी मुलगी पिशवीत दोन ड्रेस भरत होती, ते मी बघितलं होतं."

मी आत्तासुद्धा हे लिहिताना थांबले होते. तिला माहीत होतं, ताई. तू खोटं बोललीस तेव्हा तुझ्यासमोर उभी राहून तिला माहीत होतं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत या वेळी. मुलं घंटा झाल्यावरही बसून होती.

घरी येताना आई पुलाजवळच्या बाकावर बसली आणि उठेना. मला वाटलं हिला काही होतंय. तर म्हणाली, "मोठीने माझ्या तोंडाकडे बघून सांगितलं तसं. खरं सांग म्हटलं असतं, तर सांगितलं असतं पोरीने. मी म्हटलं नाही. चोरी झाली म्हणणं सोपं होतं. माझ्याच मुलीने आणली म्हटलं असतं तर काय तोंड दाखवलं असतं मी?" मग म्हणाली, "मोठीला वाटत असेल, मी फसले म्हणून. विचारलं नाही कधी. दोघींनी नाही विचारलं."

तुझा राग आला होता मला, दोन दिवस. चोर म्हणालीस तिला, बाई गं. माझ्या वर्गातली मुलं नऊ-दहा वर्षांची असताना कशी होती ते आठवत बसले, मग राग जरा कमी झाला. पूर्ण गेलेला नाही, तो तू आल्यावर बघू. तू आईवर चिडून गेली नव्हतीस, हे मात्र आता कळतंय. तुला तिच्यासमोर उभं राहवत नव्हतं. आणि तिला तुझ्यासमोर.

भिंगरीने जाताना मला थांबवलं. तुझ्या बहिणीला हे लिहिशील का, म्हणाली. मी म्हटलं, सगळं लिहीन. "तिला जे आठवतंय तेच मला आठवतंय, एवढं सांग," म्हणाली. हे चांगलं की वाईट ते मला कळलं नाही.

धाकटी

३१ मार्च

ताई,

तू आली नाहीस. मी स्टेशनवर गेले होते, दोन्ही गाड्यांना.

तलाव काल उघडला. आईच्या नावाची पाटी नाही. तिनेच पालिकेत जाऊन नको म्हणून सांगितलं, कारण विचारलं तर म्हणाली, माझी मर्जी. आता नुसताच तलाव आहे, भिंतीवर पाटीचे चार खिळे तेवढे दिसतात. हेडसर माझ्याशी बोलत नाहीत. साक्षीदाराचे तास मात्र बंद करता आले नाहीत त्यांना, कारण पुलाच्या दोन्ही बाजूंनी माणसं स्वतःहून यायला लागली आहेत, आणि काय काय सांगतायत ते तुला समोर बसून सांगेन.

भाषणं झाली, फीत कापली, पोरांनी धडाधड उड्या मारल्या. नंतर गर्दी ओसरली तेव्हा तुझी भिंगरी आली, नातीला घेऊन. छप्पन्न वर्षांची बाई, डोक्याला रबरी टोपी. तिला पोहता येत नाही. परत कधी शिकलीच नाही. शिडी धरून कंबरभर पाण्यात उतरली आणि तिथेच उभी राहिली, दात वाजत होते तिचे.

आई काठावर खुर्चीत होती. येणार नाही म्हणाली होती, मग माझ्या आधीच येऊन बसली होती. बघत होती, बघत होती, आणि तिला राहवेना. पाय सरळ ठेव म्हणाली. मग, मान मागे टाक. मग, गुडघ्यातून नको गं मारूस, मांडीतून. नात हसायला लागली.

भिंगरी वळली आणि म्हणाली, "बाई, तिथून कळत नाही. खाली येऊन दाखवा."

मला वाटलं आता हिचा पारा चढणार. आई उठली. अंगात पोहायचा ड्रेस घालूनच आली होती, वरून गाऊन. मी हात द्यायला गेले तर झटकला. एकेक पायरी उतरली, त्या पाण्यात, तिच्याजवळ. तिच्या पाठीखाली हात धरला आणि म्हणाली, पोटात हवा, डोक्यात हवा नको. आणि ताई, ती तरंगली. क्षणभरच, मग घाबरून आईच्या गळ्याला मिठी मारली. दोघी तशाच उभ्या राहिल्या पाण्यात. माफी कुणी मागितली नाही. निदान मला ऐकू आली नाही.

भिंगरी वर आली, टॉवेल घेतला. आई पाण्यातच होती आणि खाली वाकून तळाशी काहीतरी चाचपत होती. मग तिने रखवालदाराला हाक मारून विचारलं की बोळा कुठे आहे.

भिंगरीचा टॉवेल हातातच राहिला. रखवालदार बिचारा म्हणाला, आजी, आता बोळा नसतो, फिल्टर आहे, पाणी मोसमभर हेच राहणार.

"बरं झालं," आई म्हणाली आणि आणखी एक फेरी मारून आली.

आता तुझं. आई काही सांगत नाही, पण तुझ्या खोलीतली शिलाईमशीन हलवून तिने पलंग टाकून ठेवलाय. भिंगरीला मात्र मी सरळ विचारलं, ताईला काय लिहू? ती केस पुसत होती. म्हणाली, मी दर सोमवारी संध्याकाळी येणार आहे, दवाखाना बंद असतो आणि गर्दीही नसते. मग तिने निरोप दिला, तो जसाच्या तसा लिहिते.

"सोमवारी ये म्हणावं. येताना दोन ड्रेस आण. आणि हिला कुणी आणलं असं कुणी विचारलं, तर या वेळी नीट सांग."

धाकटी